बाटलीतली खाण आणि बाबांची तिरकी चकती

बाटलीतलं जहाज बहुतेकांनी बघितलेलं असतं, निदान फोटोत तरी. पण जर्मनीच्या पूर्वेला चेक सीमेला लागून एर्त्सगेबिर्गं नावाचा जो डोंगराळ पट्टा आहे तिथे, आणि तिकडे स्लोव्हाकियात बान्स्का श्त्याव्नित्साच्या बाजूला, लोक जहाजांच्या आधीपासून बाटलीत खाण भरत आलेत. अख्खी खाण! खाली हातोडा मारणारे खाणकामगार, शिड्या, वर दगडाच्या टोपल्या ओढणारे दोघं, मजल्यावर मजले, आणि हे सगळं दोन बोटं जेमतेम जातील अशा तोंडातून आत गेलेलं. सगळ्याच बाटल्यांमधली माणसं हलायची असं नाही, बहुतेक नुसत्या बघायच्याच असायच्या. मला हलणारी बनवायची होती, कारण घरचं वळणच तसं आहे. पुण्यात बाबा आमच्या मंडळाचे गणपतीतले हलते देखावे बनवायचे, पिंपरीत दिवसभर टर्नर म्हणून ड्यूटी करायची आणि ऑगस्ट आला की रात्री मांडवात वायपर मोटर, सायकलची चेन आणि लाकडी कॅम (फिरता फिरता शेजारचा दांडा उचलणारी चकती) घेऊन बसायचं. लहानपणी मी तिथे पक्कड धरायला असायचे.

आता मी केम्निट्सला राहते. एमएससाठी आले आणि नोकरी लागल्यावर इथेच राहिले, आपली भरपूर पोरं इथल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत आहेत त्यामुळे मराठी कानावर पडत असतं. हे गाव म्हणजे १९५३ ते १९९० कार्ल मार्क्स श्टाट, भर चौकात मार्क्सचं भलंमोठं डोकं अजून आहे. मी राहते त्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक आजोबा आहेत (मी मनातल्या मनात आजोबाच म्हणते, तोंडावर अर्थातच हेर, म्हणजे जर्मनमधलं श्रीयुत, अमुकतमुक, आणि दोन्हीकडून कडक तुम्ही-तुम्ही). ते विस्मुटमध्ये होते. विस्मुट म्हणजे युद्धानंतर सोव्हिएत लोकांनी सुरू केलेली युरेनियमची कंपनी, १९९० पर्यंत हा पट्टा आणि शेजारचं थुरिंगिया मिळून दोन लाख टनांहून जास्त युरेनियम काढलं त्यांनी. आजोबा जमिनीखाली कामाला होते आणि रिटायर झाल्यावर गावच्या लाकूड कोरणाऱ्यांच्या क्लबात जाऊ लागले. इकडे असे क्लब गावोगाव आहेत, आपल्याकडे भजनी मंडळ असतं त्याच नियमाने लोक आठवड्याला जमतात, चाकू लाकूड घेऊन बसतात, बिअर पितात, घरी जातात.

त्यांच्या खिडकीत ती बाटली होती. त्यातले दोन खाणकामगार तोंडातून आलेली तार ओढली की मान हलवायचे, बस एवढंच. मी थांबून बघत होते तर ते बाहेर आले आणि त्यांच्या त्या पहाडी बोलीत, जी मला अर्धीच कळते, म्हणाले की उभ्या उभ्या काय बघताय, आत या.

आधी जरा हे कुठून आलं ते सांगते, कारण मला स्वतःला हे वाचताना फार मजा आली. फ्रायबेर्गला ११६८ मध्ये चांदी सापडली आणि तिथून पुढे शेकडो वर्षं हा सगळा भाग खाणींवर जगला. १७६५ मध्ये तिथे खाणविद्येची अकादमी निघाली, ती अजून चालू आहे. पण चांदी काही सगळीकडे कायम पुरत नाही, जिथे संपली तिथले लोक लाकडाकडे वळले, खेळणी, खिडकीतल्या मेणबत्त्यांच्या कमानी, मेणबत्तीच्या गरम हवेवर फिरणारे मजले-मजल्यांचे पिरॅमिड, बायका लेस विणायच्या. आणि जे कामगार म्हातारे झाले किंवा अपघातात निकामी झाले त्यातले काही जण पाठीवर एक पेटी बांधून गावोगाव फिरायचे, पेटीत लाकडाची छोटी खाण, बाजूला हँडल, हँडल फिरवलं की आतली माणसं कामाला लागायची, जत्रेतले लोक चार नाणी टाकायचे. ही पाठीवरची खाण मी इथल्या एका छोट्या म्युझियममध्ये बघितली, आत सगळा तारांचा आणि क्रँकचा खेळ, बाबांना फोटो पाठवला तर त्यांचा पहिला मेसेज "बुश कशाचे आहेत गं?" (बुश म्हणजे आस ज्यात फिरतो ती छोटी नळी.)

बाटलीवाल्यांमध्ये एक नाव फार मोठं आहे, माथियास बुखिंगर. १६७४ चा जन्म, आन्सबाखचा. जन्मतःच हात नाहीत, पाय नाहीत, उंची जेमतेम अडीच फूट. हा माणूस अक्षरं इतकी बारीक काढायचा की भिंगाशिवाय दिसणार नाहीत, जादूचे खेळ करायचा, वाद्यं वाजवायचा आणि बाटलीत खाणीचे देखावे बसवायचा. मला चिमट्याने एक खिळा आत सोडताना घाम फुटतो तेव्हा हा आठवतो आणि राग येतो, खरं सांगते. जहाजवाली जी सगळ्यात जुनी तारखेसकट बाटली दाखवतात ती ल्युबेकला आहे, १७८४ ची. आणि बव्हेरिया-ऑस्ट्रियाकडे बाटलीत येशूचा क्रूस, शिडी, भाला, हातोडा, खिळे असं सगळं बसवायचे, ते धार्मिक अंगाचं.

तर आता माझी बाटली.

आधी प्रश्न होता की हलवायचं काय आणि कशाने. बाटलीत मोटर घालायचा विचार मी पहिल्या दिवशीच सोडला, बॅटरी संपल्यावर काढणार कशी, म्हणून बुचातून खाली येणारा एक उभा आस आणि वर छोटं हँडल हे ठरलं. पण आस उभा आहे आणि हातोडे वरखाली मारायचेत. उभ्या आसावरून आडव्या आसावर जायला दातेरी चाकं लागतात, बाटलीच्या तोंडातून जातील एवढी बारीक लाकडी दाती मी करून बघितली, दोन फेऱ्यांत झिजली.

मग मी रविवारी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. आई मागून "जेवलीस का" विचारतेय आणि बाबा चष्मा कपाळावर चढवून माझी डायरी कॅमेऱ्यात बघतायत.

"अगं गिअर कशाला हवाय तुला? चकती तिरकी बसव."

"म्हणजे?"

"आसावर गोल चकती बसवतेस ना, ती सरळ नको बसवूस, पंधरा अंश तिरकी बसव. आस फिरला की चकतीची कड एका जागी वर-खाली होते. माणसाच्या हाताला खांद्यामागे शेपटी काढ आणि ती त्या कडेखाली दे. आपण कालियामर्दनात नागाचे फणे कसे हलवले होते?"

मी तेव्हा सहावीत असल्याने मला फणे आठवत होते, चकती नाही. पण हिशोब लगेच जमला. १८ मिलिमीटरची चकती १५ अंशांनी तिरकी केली की कड एकूण साडेचार मिलिमीटरच्या आसपास वरखाली होते, आणि हाताचा खिळा शेपटीच्या टोकापासून ९ मिलिमीटरवर ठेवला की हातोडा तीसेक अंश हलतो, एवढं बाटलीतल्या माणसाला पुष्कळ झालं. एका चकतीभोवती चार माणसं उभी केली की ती पाळीपाळीने मारतात, वेगळं काही करावं लागत नाही. हातोड्याचं डोकं पितळेचं, म्हणजे पुढची बाजू जड, त्यामुळे शेपटी आपोआप वर जाऊन चकतीच्या खालच्या बाजूला टेकून राहते. चकती शेपटी दाबते, हातोडा उचलला जातो, चकती सुटते, हातोडा पडतो.

फक्त तो पडत नव्हता, सावकाश टेकत होता. पाळण्यातलं बाळ थोपटल्यागत. बाबा म्हणाले, सगळ्यात खालच्या टोकाच्या लगेच पुढे कानशीने कड उडव, शेपटीला एकदम मोकळं सोड. ते केल्यावर बाहेर बसवून बघितलं आणि टक, टक, टक, टक, चारही हातोडे दगडावर पडायला लागले, मी एकटीच खोलीत टाळ्या वाजवल्या. याची किंमत एवढीच की आता हँडल एकाच बाजूला फिरवायचं, उलटं फिरवलं तर शेपटी त्या कापलेल्या कडेवर अडते. बुचावर बाण कोरलाय. तरी आलेला प्रत्येक पाहुणा आधी उलटंच फिरवतो, म्हणून नंतर आजोबांच्या सांगण्यावरून कापलेल्या कडेला उतार घासून दिला, आता उलटं फिरवलं तर नुसतं कुरकुरतं, तुटत नाही.

वरचा मजला म्हणजे जमीन. तिथे काय दाखवायचं हे आजोबांनी एका वाक्यात सोडवलं. जुन्या खाणींवर मोठ्या गोल छपराखाली उभा लाकडी खांब असायचा, त्याला आडवे दांडे, दांड्यांना घोडे जुंपलेले, आपल्या तेलाच्या घाण्यासारखेच गोल गोल फिरायचे आणि त्या खांबावर दोर गुंडाळत खालून माल वर यायचा. योहानगेऑर्गनश्टाटला असा एक पुन्हा बांधलेला आहे, मारिएनबेर्गजवळ लाउटाला दुसरा. म्हणजे माझा उभा आस हाच तो खांब! लपवायची गरजच संपली. घोडे आसाबरोबर फिरणार, खाली त्याच आसावरच्या चकत्या कामगारांना हलवणार. छप्पर मात्र मी दिलं नाही, आजोबांना ते अजून पटलेलं नाही, त्यांचं म्हणणं पावसात घोडे कुठे जातील. पण छप्पर दिलं असतं तर घोडे दिसलेच नसते.

बाटली जुन्या बाजारात मिळाली. दीड लिटरची, बिनरंगाची, काचेत एखाददुसरा बुडबुडा, तोंड आतून २२ मिलिमीटर, पोट आतून १०५. वाइनच्या नेहमीच्या बाटलीचं तोंड साडेअठराच्या आसपास असतं, तो साडेतीन मिलिमीटरचा फरक कागदावर काहीच वाटत नाही पण आत काम करताना तो सगळं काही असतो. आत जुना पांढरा थर होता, मूठभर तांदूळ आणि व्हिनेगर घालून हलवलं, गरम पाण्याने धुतलं आणि मग पूर्ण वाळू दिली. पूर्ण म्हणजे पूर्ण, आत ओल राहिली तर सगळं बंद केल्यावर थंडीच्या दिवसांत काचेला आतून वाफ धरते आणि तिथे फडकं पोचत नाही.

या कामाचं नाव काढलं की लोक म्हणतात केवढी चिकाटी तुझी. जर्मनमध्येही या बाटल्यांना चिकाटीच्याच बाटल्या म्हणतात. माझं मत वेगळं आहे, चिकाटी शेवटी लागते, त्याच्या आधी लागतो तो क्रम. कुठला तुकडा कुणाच्या आधी आत जाणार हे ठरलं की अर्धं काम झालं, कारण तिसऱ्या मजल्याची फळी टाकल्यावर पहिल्या मजल्यावर हात (म्हणजे तार) पोचत नाही, आणि आत एकदा चिकटलेलं बाहेर येत नाही. म्हणून मी सगळी खाण आधी बाहेर बांधली. पुठ्ठ्याचा १०५ मिलिमीटरचा नळा केला, उभा अर्धा कापलेला म्हणजे आत दिसेल, आणि एका जाड पुठ्ठ्याला २२ चं भोक पाडून ते टेबलावर ठेवलं. नियम एकच, कुठलाही तुकडा त्या भोकातून गेल्याशिवाय नळ्यात जाणार नाही. सगळं उभं झालं, हललं, मग उलट्या क्रमाने उतरवलं आणि उतरवताना प्रत्येक तुकड्याच्या पोटावर पेन्सिलीने नंबर घातला. शेवटी निघालेला नंबर एक.

बाटलीच्या तोंडाला लांबीचं काही पडलेलं नसतं, तिची तक्रार जाडीवर. त्यामुळे मजल्याची फळी १७ मिलिमीटर रुंदीच्या सहा पट्ट्यांची केली, प्रत्येक पट्टी उभी आत जाते, आत आडवी होते, खालच्या दोन आडव्या तुळयांवर बसते. मधल्या दोन पट्ट्यांना एकमेकींसमोर अर्धगोल खाच, दोन्ही जवळ आल्या की आसाभोवती भोक तयार होतं आणि तेच त्याचं बेअरिंग. आस म्हणजे सायकलचा स्पोक, २ मिलिमीटर. दोन्ही चकत्या त्यावर बाहेरच पक्क्या केल्या, १८ च्या आहेत त्यामुळे तोंडातून आरामात जातात.

माणसं लिंडनच्या लाकडाची. मऊ असतं, रेषा फार नसतात, चाकू सरळ चालतो, इकडे कोरकामाला तेच वापरतात. अडीच सेंटीमीटरचा माणूस, हात वेगळा, खांद्यात अर्ध्या मिलिमीटरच्या पितळी तारेचा खिळा. "प्ले ठेव थोडा," हे बाबांचं वाक्य इतक्यांदा ऐकलंय की झोपेत म्हणेन, कारण लाकूड दमट हवेत फुगतं आणि घट्ट बसवलेला हात पावसाळी आठवड्यात हलायचा बंद होतो. इथल्या खाणकामगारांच्या पोशाखात बुडावर चामड्याचा एक मोठा तुकडा बांधलेला असतो, ओल्या दगडावर बसायला आणि घसरत खाली जायला, तो माझ्या फाटलेल्या हातमोज्यातून कापला. चार मिलिमीटरचं बुडाचं चामडं कापताना माझी मैत्रीण बघत होती, ती अजून हसते.

घोडे मी कोरले नाहीत, झायफनहून आणले. झायफन हे खेळण्यांचं गाव, तिथे एक पद्धत आहे जी बघायलाच जावं. ओल्या स्प्रूसचा ओंडका लेथवर लावतात, वेगवेगळ्या छिन्न्यांनी त्यात खोबणी काढत त्याची एक मोठी रिंग बनवतात, बाहेरून बघितलं तर काहीच कळत नाही, मग ती रिंग केकसारखी कापली की प्रत्येक कापात घोडा! किंवा गाय, किंवा हत्ती. कारागीर आतला आकार न बघता निव्वळ अंदाजाने काढतो. मी मोबाईलवर व्हिडिओ काढून बाबांना पाठवला, स्वतः आयुष्यभर लेथवर उभा राहिलेला माणूस, त्यांचा बराच वेळ काही रिप्लाय नाही, मग आलं: "हा माणूस डोक्यात ड्रॉइंग घेऊन फिरतो." तिथे काडेपेटीत मावतील एवढाली खेळणी पण मिळतात, त्यातलेच दोन घोडे.

हत्यारं विकत फार घेतली नाहीत. मत्स्यालयात रोपं लावायला ३० सेंटीमीटरचा लांब चिमटा मिळतो तो एक, दातांच्या डॉक्टरकडचा असतो तसा छोटा आरसा, डोक्याला बांधायचा दिवा. बाकी सगळं सायकलच्या स्पोकचं, एकाला टोकाशी आकडा, एक चपटा ठोकून उलथनं, एकाला कापसाचा बोळा काच पुसायला, एकाला सँडपेपर गुंडाळलेला. आजोबांच्या डब्यात असे कितीतरी वाकडे तारांचे तुकडे आहेत आणि प्रत्येक कुठल्या बाटलीतल्या कुठल्या कोपऱ्यासाठी वाकवला ते त्यांना पाठ आहे.

गोंदाबद्दल थोडं जास्त सांगते कारण इंटरनेटवर सगळे फेवीक्विकवाला शॉर्टकट सांगतात. तसला गोंद बंद जागेत वाळताना त्याची वाफ आजूबाजूला पांढरी होऊन बसते आणि काच कायमची धुरकट दिसते, बाटलीत तो वापरूच नये. मी लाकडाचा साधा पांढरा गोंद घेतला, वाळायला वेळ लागतो पण काचेवर थेंब पडला तर ओल्या बोळ्याने निघतो. धातू आणि काच जिथे जोडायचे होते तिथे सावकाश वाळणारं ॲरल्डाईटसारखं दोन ट्यूबवालं. आणि रोज थोडंच चिकटवायचं, तोंड उघडं ठेवायचं, म्हणजे ओल बाहेर जाते.

आत काम सुरू झालं ते बुडापासून. माझ्या बाटलीचं बूड आतून मधे फुगीर होतं, आसाचं टोक तिथे ठरेना, घसरायचं. आजोबांनी त्या फुगवट्यावर बसेल अशी आतून पोकळ लाकडी टेकडी करायला लावली, तिच्या माथ्यात पितळी बुश. फुगवटा दिसेनासा झाला आणि खाणीला तळाचा खडक मिळाला. मग खालचे चार खांब, चार माणसं, प्रत्येकाच्या पायाखाली खुंटी आणि टेकडीच्या कडेला त्याचं भोक. मग आस आत सोडला. आस उभा नाही ठेवायचा, तोंडात एका बाजूला तिरका रेलून ठेवायचा, नाहीतर पट्ट्यांना यायला जागाच उरत नाही, २२ मधून २ गेले की राहिले २०, आणि पट्टी १७ ची. शेपट्या चकतीखाली एकेक करून सरकवायच्या, आरशात बघत, म्हणजे डावं ते उजवं. या भागाला सगळ्यात जास्त वेळ लागला, तीन बसायच्या आणि चौथीला धक्का लागून दोन निसटायच्या, शेवटी चारही शेपट्यांना केसाएवढ्या दोऱ्याने खाली बांधून टाकलं, चकती जागेवर आल्यावर दोरे कापून आकड्याने ओढून काढले.

मधल्या मजल्यावर दोनच माणसं, तिथे पटापट झालं. वरच्या मजल्याचं घोड्यांचं गणित जहाजवाल्यांकडून उचललं. ते डोलकाठ्या बिजागरीवर आडव्या झोपवून जहाज आत सरकवतात आणि दोरा ओढून काठ्या उभ्या करतात. माझे दोन दांडे ३८ मिलिमीटरचे, आसावरच्या पितळी कॉलरला, म्हणजे कड्याला, बिजागरीने जोडलेले, वर घडी करून आसाला दोऱ्याने बांधलेले. सगळा मजला तयार झाल्यावर दोरा कापला, दोन्ही दांडे खाली पडले आणि कॉलरच्या ओठावर बरोबर आडवे थांबले. मग एकेक घोडा आकड्याने दांड्याच्या टोकाला अडकवला, खूर फळीपासून एक मिलिमीटर वर, घासायला नको.

दगडांवरून आमचा वाद झाला. जुन्या बाटल्यांमध्ये कामगारांसमोर खऱ्या खनिजाचे चुरे चिकटवलेले असतात, चमकायला. आजोबांनी त्यांच्या साठ्यातला पायराइट दिला, सोन्यागत दिसतो. शिशाचं खनिजही होतं, ते घ्यायला त्यांनीच नको म्हटलं, त्याची पूड हाताला लागू नये. माझ्याकडे अजिंठ्याच्या पायथ्याला दगडं विकणारे बसतात त्यांच्याकडून आणलेले झिओलाइटचे तुकडे होते, आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमध्ये पोकळ्यांमध्ये हे स्फटिक वाढतात, नाशिक, जळगाव, पुणे सगळीकडे खाणीत निघतात आणि जगभरच्या म्युझियममध्ये जातात. पांढरे, मोत्यासारखी झाक असलेले. मी ते खालच्या मजल्यावर लावले. आजोबांनी भिंगातून बघितलं आणि म्हणाले, "हे काही इथल्या चांदीच्या खाणीतले दगड नाहीत. भूगर्भशास्त्राच्या दृष्टीने तुमची बाटली चूक आहे." मी म्हटलं, असू दे. ते म्हणाले, "मग निदान पायराइट समोर लावा आणि हे मागे." तसं केलं.

बूच. लोकांना आतल्या घोड्यांपेक्षा बुचाचं कोडं जास्त पडतं, कारण ते ओढून निघत नाही. बुचाला खाली एक लांब पाय असतो, तोंडाच्या खाली पोटात उतरणारा, त्याला आरपार खाच. एक साडेतीन सेंटीमीटरची आडवी काडी आधीच दोऱ्याला बांधून आत सोडलेली असते, दोऱ्याची दोन्ही टोकं खाचेतून आणि बुचातल्या बारीक भोकातून वर काढलेली. बूच बसवायचं, दोरा ओढायचा, काडी वर येत खाचेत आडवी घुसते, आणि मग ते बूच तुमच्या बापाच्याने निघत नाही. काडीवर आधीच लावलेला गोंद वाळला की दोरा वरून कापायचा, भोकात लाकडी खिळा. माझ्या बुचात मधोमध आस असल्यामुळे खाच एका बाजूला घ्यावी लागली. आसाचे पण दोन तुकडे आहेत, खालचा तोंडातच संपतो, त्याच्या डोक्याला खाच आणि वरच्याच्या टोकाला पान, स्क्रूड्रायव्हरसारखं बसतं. हे बंद करायच्या आधी बाटली उबदार खोलीत बरेच दिवस उघडी ठेवली आणि दोन्ही मजल्यांची बेअरिंग पेन्सिलीच्या शिशाच्या (म्हणजे ग्रॅफाइटच्या) पुडीने माखली, तेल घातलं तर लाकडाला डाग पडतात.

आता ती माझ्या शेल्फवर आहे, उन्हापासून लांब. हिवाळ्यात हीटर चालू झाला की लाकूड सुकतं आणि मधल्या मजल्यावरचा एकजण जरा जास्तच जोरात मारतो, उन्हाळ्यात खालचा डावीकडचा आळस करतो. बाबांनी व्हिडिओवर बघून सांगितलं की डावीकडच्याची शेपटी अर्धा मिलिमीटर आखूड झालीय. शक्य आहे, पण आता मोजायला कोण आत जाणार.

कुणाला करून बघायचं असेल तर पहिल्या बाटलीत काहीही हलवू नका, एक मजला आणि दोन माणसं पुरेत, आणि तोंड २५ च्या खाली घेऊ नका, लोणच्याची बरणी घेतली तरी चालेल, कुणी हसणार नाही. चकत्या पितळेच्याच करा, प्लायच्या कडा झिजतात. बाबांनी आता पुण्यात सरबताच्या बाटल्या जमवायला सुरुवात केलीय आणि आई म्हणते दिवाळीपर्यंत त्या माळ्यावरून खाली आल्या नाहीत तर भंगारवाल्याला.